गाडी कुठवर आली, हे फोनला कोण सांगतं?

मध्यरात्रीच्या सुमाराला ठाण्याच्या फलाटावर कोकणकन्येची वाट बघत उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "गाडी कुठवर आली हो?" एकजण फोन बघून सांगतो, "दादर सोडलं." शेजारचा स्वतःचा फोन काढतो, "माझ्यात तर घाटकोपर दाखवतंय." तिसऱ्याच्या फोनात गाडी अजून सीएसएमटीलाच उभी असते. गाडी एकच आणि उत्तरं तीन, पण बिघडलेला फोन एकही नाही. तिघांना खबर देणारे वेगवेगळे आहेत.

तिकीट, गाडी, रस्ता, हॉटेल असं प्रवासातलं सगळंच आता फोनवर आलं आहे. कुठलं ॲप कसं उघडायचं, हे घरातलं शाळकरी पोरही दाखवून देतं. पण पडद्यावरचा आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे, अंदाजाने काढलेला आहे, की नुसताच वेळापत्रकातून उचललेला आहे, हे ॲप सहसा सांगत नाही. तेवढं कळलं, तर त्या आकड्यावर किती विसंबायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं. उदाहरणासाठी मुंबईहून कोकणात जायचा प्रवास घेऊ. गर्दी, एकेरी लोहमार्ग, बोगदे, घाट आणि पाऊस, हे सगळं त्या एकाच वाटेवर भेटतं.

तीन खबरे

पहिला खबऱ्या म्हणजे रेल्वेचं कंट्रोल ऑफिस. गाडी स्थानकात आली, थांबली, निघाली किंवा न थांबता पुढे गेली, की स्टेशन मास्तर ती वेळ कंट्रोलला कळवतो. कंट्रोलर पूर्वी ती मोठ्या तक्त्यावर पेन्सिलीच्या रेघेने मांडायचा, आता संगणकावर मांडतो. ही माहिती 'एनटीईएस' या रेल्वेच्या अधिकृत चौकशी यंत्रणेत जाते आणि तिथून संकेतस्थळावर, ॲपवर आणि १३९ क्रमांकावर मिळते. ही खबर ओळखायला सोपी असते, कारण ती स्थानकांच्या हिशोबात बोलते. अमुक स्थानक इतक्या वाजता सोडलं, पुढचं अमुक. दोन स्थानकांच्या मधे गाडी नेमकी कुठे आहे, हे तिला ठाऊक नसतं. काही ॲपं हे मधलं अंतर घड्याळाच्या हिशोबाने भरून काढतात आणि पडद्यावर गाडी सरकवत राहतात. गाडी सिग्नलला शांत उभी, पण फोनातली धावतेय, हा प्रकार त्यातूनच होतो.

दुसरा खबऱ्या इंजिनावर बसलेला असतो. रेल्वेने इस्रोच्या मदतीने 'आरटीआयएस' नावाची यंत्रणा उभारली आहे. इंजिनावरचं यंत्र उपग्रहांच्या आधारे स्वतःची जागा आणि वेग काढतं आणि दर ३० सेकंदांनी कळवतं. मोबाइलचं नेटवर्क असेल तर त्यावरून, नसेल तर इस्रोच्या उपग्रहामार्फत. माणसाने नोंद करायची गरज उरत नाही. मात्र हे यंत्र डब्यांना नसतं, इंजिनाला असतं. गाडीला यंत्र नसलेलं इंजिन लागलं, तर तिची खबर जुन्याच वाटेने येते.

तिसरा खबऱ्या म्हणजे गाडीत बसलेले प्रवासीच. 'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्स या छोट्या कंपनीने काढलं आणि २०१८ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. या ॲपची युक्ती मोठी चतुर आहे. आपला फोन, इंटरनेट बंद असलं तरी, जवळच्या मोबाइल टॉवरशी सतत बोलत असतो आणि प्रत्येक टॉवरला स्वतःचा एक क्रमांक असतो. रुळांच्या कडेने कुठला टॉवर कुठल्या स्थानकाच्या आसपास लागतो, याची यादी ॲपकडे असते. फोनला दिसणारे टॉवर त्या यादीशी ताडून बघितले, की गाडी कुठे आहे ते कळतं. त्याला इंटरनेट लागत नाही, जीपीएसही लागत नाही. ज्यांच्या फोनला इंटरनेट असतं त्यांच्याकडून ही जागा पुढे जाते आणि फलाटावर ताटकळणाऱ्यांना दिसते.

हे कसं चालतं ते रत्नागिरीच्या अलीकडे डोळ्यांनी बघता येतं. उक्षी आणि भोके या स्थानकांच्या मधे करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. गाडी आत शिरते, खिडकी काळी होते आणि फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या एकेक करून गळतात. उपग्रह दिसत नाहीत, टॉवरही बहुधा सापडत नाही. ॲपमधला ठिपका उक्षीपाशी अडकून बसतो. चार-पाच मिनिटांनी गाडी पलीकडे उजेडात येते, फोनला पहिला टॉवर मिळतो आणि ठिपका एकदम भोक्याकडे उडी मारतो. एवढा वेळ रत्नागिरीला घ्यायला आलेल्या भावोजींना वाटत असतं की गाडी उक्षीलाच रखडली आहे.

म्हणून ॲप उघडल्यावर मोठ्या अक्षरांतलं 'इतकी मिनिटं उशीर' वाचण्याआधी त्याच्याखालची बारीक ओळ वाचावी. खबर किती मिनिटांपूर्वीची आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. दोन मिनिटांपूर्वीची असेल तर बॅग उचला. चाळीस मिनिटांपूर्वीची असेल तर तो आकडा नसल्यासारखाच.

गाडी आत्ता कुठे आहे, हे एक. ती पुढे केव्हा पोचेल, हे अगदी वेगळं. जागा मोजता येते. पोचण्याची वेळ म्हणजे अंदाज, आणि तो बहुतेकदा सरळसोट असतो. वेळापत्रकातली वेळ घेतली, त्यात आत्ताचा उशीर मिळवला, झालं. पण रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग, रोहा-वीर हा टप्पा सोडला तर, जवळपास सगळा एकेरी आहे. समोरून येणारी गाडी जाऊ द्यायला कुठल्या तरी स्थानकात थांबावंच लागतं, ज्याला आपण क्रॉसिंग म्हणतो. समोरची गाडी उशिरा असेल तर वेळेवर धावणारी आपली गाडीही अडकते. कुणाला आधी सोडायचं हे कंट्रोलर त्या क्षणाची स्थिती बघून ठरवतो आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय हे कुठल्याच ॲपला कळत नाही. याच्या उलटही घडतं. गाडी तासभर उशिरा दिसते आणि शेवटच्या स्थानकाला जेमतेम वीस मिनिटांच्या फरकाने लागते, कारण वेळापत्रकातच शेवटच्या टप्प्यात थोडी मोकळी वेळ राखलेली असते. माझं मत असं की पुढच्या एक-दोन स्थानकांपुरता अंदाज खुशाल मानावा. सहा तासांनंतरच्या स्थानकाचा अंदाज ऐकून मात्र घरून निघायची वेळ ठरवू नये, पुन्हा बघून ठरवावी.

कोकण रेल्वेवर पावसाळ्याचं वेळापत्रकही वेगळं असतं. साधारण जून ते ऑक्टोबर गाड्या सावकाश चालवतात, वेळा बदलतात. इंटरनेटशिवाय चालणारी ॲपं वेळापत्रक फोनातच साठवून ठेवतात. ते फेब्रुवारीत साठवलेलं असेल, तर ऑगस्टमध्ये चुकीची वेळ पूर्ण आत्मविश्वासाने दाखवेल. निघायच्या आदल्या दिवशी ॲप अपडेट करायचं ते यासाठी.

वेटिंगचा आकडा कसा वाचायचा

आता थोडं मागे जाऊ, तिकिटाकडे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. त्यामुळे गणपतीची तिकिटं काढायची ती ऐन पावसाळ्यात, आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. मग हातात येतं ते वेटिंग.

समजा तिकिटावर लिहिलंय 'आरएलडब्ल्यूएल ४२ / डब्ल्यूएल १७'. पहिला आकडा तिकीट काढलं तेव्हाचा. तो कधीच बदलत नाही, बघत बसायचं कारण नाही. दुसरा आत्ताचा, म्हणजे तुमच्या पुढे अजून सोळा जण आहेत. पण आकड्यापेक्षा महत्त्वाची आहेत ती आधीची अक्षरं.

गाडीतल्या सगळ्या जागा एका ढिगात नसतात. मांडव एकच, पण पंगती वेगळ्या मांडलेल्या, तसा हा हिशोब. गाडी सुटते तिथून किंवा त्याच्या आसपासहून लांबवर जाणाऱ्यांची पंगत सगळ्यात मोठी, तिची यादी 'जीएनडब्ल्यूएल'. मधल्या एखाद्या मोठ्या स्थानकासाठी राखलेल्या जागांची पंगत छोटी, तिची यादी 'आरएलडब्ल्यूएल'. मधल्या अनेक लहान स्थानकांना मिळून दिलेल्या जागांची 'पीक्यूडब्ल्यूएल'. तात्काळची 'टीक्यूडब्ल्यूएल'. तुमच्या पंगतीतलं कुणी उठलं तरच तुमचा नंबर सरकतो. मोठ्या पंगतीत पाचशे माणसं असतील तर त्यातली चाळीस रद्द होणं सहज शक्य आहे. छोट्या पंगतीत तीसच माणसं, तर तिथे कितीजण उठणार? म्हणून जीएनडब्ल्यूएल ४० सुटेलही आणि पीक्यूडब्ल्यूएल ९ तसाच राहील. तात्काळची यादी तर आरएसीत (दोघांत एक बर्थ, त्यावर बसायची जागा) जातच नाही, ती थेट पक्की होते किंवा थेट जाते.

यावर जुनेजाणते एक उपाय करतात आणि तो नियमात बसतो. तिकीट मधल्या स्थानकाऐवजी मागच्या मोठ्या स्थानकापासून काढायचं, भाडं थोडं जास्त भरायचं आणि ॲपमधून चढण्याचं स्थानक बदलून आपलं करायचं. मोठ्या पंगतीत बसायला मिळतं. अट एवढीच, की चढण्याचं स्थानक बदलल्यावर मूळ स्थानकावरून चढायचा हक्क जातो. आणि ते बदलायला विसरलात, तर तुम्ही आला नाहीत असं समजून टीसी ती जागा आरएसीवाल्याला देऊन मोकळा होतो.

'तुमचं तिकीट पक्कं होण्याची शक्यता ७८ टक्के' असं दाखवणारी ॲपं असतात. हा आकडा येतो कुठून? याच गाडीत, याच वर्गात, याच यादीत मागे किती नंबरपर्यंत तिकिटं सुटली होती, त्या नोंदींतून. एरवीच्या मंगळवारी तो बऱ्यापैकी जमतो. गणपती, होळी, मे महिना अशा दिवसांत त्याला विचारूच नये, कारण तेव्हा तिकीट रद्द करणारे कमी आणि मागचा अनुभव तोकडा. शिवाय शंभरांत बावीस तिकिटं बुडणारच, असं तो आकडाच सांगतोय. तुमचं त्या बावीसांत असलं तर ॲप खोटं बोललं असं होत नाही.

मग चार्ट, म्हणजे कुणाला कुठली जागा याची शेवटची यादी, लागायच्या वेळी १७ वरचा नंबर अचानक पक्का कसा होतो? निरनिराळ्या कोट्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा, त्यांना कुणी घेतलं नाही तर, तेव्हा वेटिंगवाल्यांना मिळतात. एखाद्या यादीचा नंबर दिवसभर हलत नाही आणि चार्टच्या वेळी धाडकन खाली येतो, तो त्यामुळे. पूर्वी हा चार्ट गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागायचा. २०२५ पासून तो बराच आधी लावायला सुरुवात झाली आहे, सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या संध्याकाळी-रात्रीच. गावाहून रिक्षा करून स्टेशनवर येणाऱ्याला याचा फार उपयोग आहे. बॅग भरायची की नाही, हे आधी कळतं.

चार्टनंतरही वेटिंगमध्येच राहिलेलं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते तिकीट दाखवून डब्यात चढता येत नाही, चढलात तर विनातिकीट. आरएसीचं मात्र तसं नाही. तिथे बसायची जागा पक्की असते, साइड लोअरवर दोघांत एक बर्थ. आणि चार्ट लागल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा आयआरसीटीसीवर, म्हणजे रेल्वेच्या ऑनलाइन तिकीट खिडकीवर, 'चार्ट व्हेकन्सी'मध्ये उघड दिसतात, त्या 'करंट बुकिंग'ने घेता येतात. ही सोय फारच थोडे लोक वापरतात. एकट्याने अचानक निघायचं असेल, तर तात्काळच्या मारामारीपेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो.

तात्काळबद्दल थोडक्यात. प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गाचं सकाळी १० वाजता उघडतं, बाकीच्यांचं ११ वाजता. जुलै २०२५ पासून आधार जोडून पडताळलेल्या खात्यावरूनच ते ऑनलाइन काढता येतं आणि एजंटांना पहिला अर्धा तास बंदी आहे. खातं आधारशी जोडायचं काम दहाला पाच कमी असताना काढू नका. प्रवाशांची नावं 'मास्टर लिस्ट'मध्ये आधी भरून ठेवली, की टाइप करण्यात जाणारा वेळ वाचतो. पक्कं झालेलं तात्काळ तिकीट रद्द केलं तर दमडीही परत मिळत नाही.

एक हक्क बहुतेकांना माहीत नसतो. गाडी तुमच्या स्थानकावर तीन तासांपेक्षा जास्त उशिराने येत असेल आणि तुम्ही जायचं रद्द केलंत, तर पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी ॲपवर 'टीडीआर', म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. गाडी गेल्यावर भरलात तर उपयोग नाही. इथे पुन्हा त्या पहिल्या खबऱ्याची नोंद कामाला येते, कारण रेल्वे उशीर मोजते तो स्वतःच्या नोंदीवरून, तुमच्या ॲपवरून नाही.

फलाटावर

अनारक्षित किंवा लोकलचं तिकीट फोनवर काढताना ॲप तुमची जागा विचारतं. रुळांच्या अगदी जवळ उभं राहून कागदविरहित तिकीट निघत नाही. कारण उघड आहे. समोर टीसी दिसला की तिकीट काढायचं, नाही दिसला की फुकट जायचं, असं कुणी करू नये म्हणून उपग्रहाच्या आधारे एक अदृश्य कुंपण घातलेलं आहे. घरातून निघतानाच तिकीट काढलं की प्रश्न मिटतो. हे काम आधी 'यूटीएस' ॲप करायचं, १ जुलै २०२५ ला आलेल्या 'रेलवन' ॲपमध्ये ते आरक्षण आणि चौकशी यांच्या जोडीला आलं आहे. असं तिकीट ॲप उघडूनच दाखवावं लागतं. त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही आणि फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट.

कोकणातल्या लहान स्थानकांवर गाडी दोन मिनिटं थांबते, फलाट लांबलचक आणि त्यावर छप्पर थोडं. आपला डबा इंजिनापासून कितवा, हे ॲपमध्ये आधी बघून योग्य ठिकाणी उभं राहिलं तर पावसात सामान आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन धावावं लागत नाही. डब्यांचा क्रम कधीकधी उलटा लागतो, तेव्हा फलाटावरचा दर्शक आणि घोषणा यांनाच मानावं.

नकाशातला लाल रस्ता

गाडीने, म्हणजे चारचाकीने निघणाऱ्यांची गोष्ट निराळी. नकाशावर रस्ता लाल दिसतो तो कुणी वरून बघून रंगवलेला नसतो. त्या रस्त्यावर असलेल्या फोनांचा वेग बघून तो ठरतो. बरेच फोन रांगत चाललेत, म्हणजे कोंडी. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सिमॉन वेकर्ट या कलाकाराने ९९ फोन एका छोट्या हातगाडीत भरले आणि ती ओढत रिकाम्या रस्त्यांवरून फिरला. गूगल मॅप्सवर ते रस्ते लालभडक झाले. गंमत बाजूला ठेवली तर त्यातून नकाशाचं मर्म कळतं. त्याला गाड्या दिसत नाहीत, फोन दिसतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर फोनच फोन असतात, त्यामुळे माणगावची कोंडी आत्ता किती लांब आहे हे नकाशा चांगलं सांगतो. पण तुम्ही पनवेलला असाल, तर तुम्ही पोचेपर्यंत तिथे काय होईल याचा तो फक्त अंदाज करतो. दुसरं, पहाटे ताम्हिणीत किंवा आंबोलीच्या आडवाटेवर त्याला विचारायला फोनच नसतात. तिथला रस्ता निळा आणि स्वच्छ दिसतो, कारण बातमी द्यायला कुणी नाही. दरड पडली असली तरी.

शिवाय नकाशाच्या हिशोबात रस्ता म्हणजे एक रेघ, तिची लांबी आणि तिच्यावरचा वेग. ती लाल मातीची आहे, पावसात चिखल होतो, समोरून एसटी आली तर कडेला जायला जागा नाही, हे त्याला कुणी सांगितलं असेल तरच माहीत. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेल्या तिघांची गाडी नकाशाच्या भरवशावर अकोले तालुक्यात कोतूळच्या पुलावर गेली. पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ पुढचा भाग पुराने वाहून गेलेल्या पुलावरून एक मोटार रामगंगेत कोसळली, तिघे गेले. तिथेही वाट नकाशाने दाखवलेली. दोन्ही ठिकाणी रेघ नकाशावर होती. पूल वापरात नव्हता, ही बातमी नकाशापर्यंत पोचली नव्हती.

अनोळखी फाट्यावर, विशेषतः रात्री आणि पावसात, टपरीवर थांबून विचारणं याला पर्याय नाही. तेही नीट विचारावं. "हा रस्ता अमुक गावाला जातो का?" म्हटलं तर उत्तर 'हो' येणार, रस्ता जातोच. "आज सकाळपासून इकडून एसटी गेली का?" असं विचारा. एसटी गेली असेल तर तुमची गाडीही जाईल. एसटीच्या ड्रायव्हरइतका रस्त्याचा अंदाज कुठल्याही उपग्रहाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

रेंज नसली तरी

"रेंज गेली, आता नकाशा चालणार नाही," हा फार पसरलेला गैरसमज. जागा शोधायला फोनला इंटरनेट लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत 'मी अमुक, आत्ता वेळ इतकी' असा संदेश सोडत असतात. फोन तो फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रह किती लांब ते कळतं आणि असे किमान चार उपग्रह ऐकू आले की तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात त्याचं गणित सुटतं. चौथा कशाला? फोनचं घड्याळ उपग्रहावरच्या अणुघड्याळाइतकं काटेकोर नसतं, त्याची चूक काढायला.

इंटरनेट लागतं ते दोन कामांसाठी. एक, नकाशाचं चित्र आणायला. ते आधीच उतरवून ठेवलं असेल, तर रेंज नसतानाही निळा ठिपका योग्य जागी दिसतो आणि गाडीची वाटही निघते. फक्त रहदारी दिसत नाही. दुसरं, उपग्रह कुठे आहेत याची माहिती पटकन मिळवायला. ती उपग्रहाकडूनही मिळते, पण सेकंदाला जेमतेम ५० बिट अशा गोगलगाईच्या वेगाने. म्हणून रेंज नसताना फोन सुरू केला तर ठिपका जागेवर यायला कधी अर्धं मिनिट, कधी कितीतरी मिनिटं लागतात. घाटात शिरण्याआधी, रेंज असतानाच नकाशा सुरू करून ठेवा. आणि हो, तो जिल्ह्यापुरता नकाशा घरच्या वायफायवर उतरवायचा, महाडच्या हॉटेलात चहा येईपर्यंत नव्हे.

रेंज कमी असलेल्या भागात बॅटरी झपाट्याने उतरते, कारण फोन लांबच्या टॉवरला गाठायला जास्त जोर लावतो आणि पुन्हा पुन्हा शोधत राहतो. अशा पट्ट्यात फोन विमान मोडवर टाकला तरी बहुतेक फोनांत जीपीएस चालू राहतं. नकाशा दिसतो आणि बॅटरी वाचते. पैशांचंही तसंच. इंटरनेट नाही पण बोलण्यापुरती रेंज आहे, तर *९९# या क्रमांकावरून यूपीआयचे पैसे देता येतात. तरी खिशात पाचशे रुपयांच्या सुट्ट्या, छोट्या नोटा असाव्यात. लाटेत भिजलेल्या फोनावर बोट उमटत नाही, आणि शहाळंवाला तोपर्यंत थांबत नाही.

फसवणुकीचं सांगायलाच हवं. तिकिटाचा फोटो सोशल मीडियावर टाकून 'पैसे अडकलेत' अशी तक्रार करणाऱ्यांना तासाभरात 'रेल्वेतून बोलतोय' असे फोन येतात. पीएनआर आणि मोबाइल क्रमांक त्या फोटोतच असतो. २०२३ मध्ये आयआरसीटीसीनेच इशारा दिला होता, की त्यांच्या नावाची खोटी एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) व्हॉट्सॲपवरून फिरवली जात आहे. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच. परताव्यासाठी कुणी ओटीपी किंवा यूपीआयचा पिन मागितला, तर फोन ठेवून द्यायचा. पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो.

शेवटचं काम घरच्यांसाठी. आई-बाबा एकटे निघाले असतील तर त्यांच्या व्हॉट्सॲपवरून 'लाइव्ह लोकेशन' सुरू करून घ्या. ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं, त्याहून जास्त नाही. रात्री अकराला सीएसएमटीवर सुरू केलेलं सकाळी सातला आपोआप बंद होतं, आणि कोकणकन्या तेव्हा सावंतवाडीला पोचलेली नसते. ठिपका गायब झाला म्हणून पुण्यातल्या लेकीने फोनावर फोन करण्यापेक्षा रत्नागिरीला चहा घेताना ते पुन्हा सुरू करायचं, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. कुडाळला उतरायचं असेल तर स्थानक येण्याआधी वाजणारा ॲपमधला गजरही लावून द्या, आवाज पूर्ण वाढवून, कारण बाबांचा फोन नेहमी सायलेंटवरच असतो.